भिंतीला ओल नाही

सोमवार, ४ मार्च

सुटला! माझ्या खोलीतला कपाटाशेजारचा रंग आज सकाळी ताटाएवढा सुटला आणि भाजल्यावर कातडी लोंबते तसा लोंबायला लागला. लावून पंधरा दिवस नाही झाले. मला इतका आनंद झाला की चहा निवेपर्यंत बघतच बसले. मी म्हणाले होते! पहिल्याच दिवशी म्हणाले होते, हा रंगारी नव्हे, हा भिंतीला साय फासणारा आहे.

आला तेव्हा पायात चकचकीत बूट. आल्या आल्या माझ्या धाकट्या लेकाला फोनवर रंगांची चित्रं दाखवली. रंगाचं नाव काय तर ‘पहाटेचं धुकं’. धुकं कसलं, नासलेल्या दुधाचा रंग तो! ह्यांनी बत्तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. मी बादलीत रंग कालवून द्यायचे. त्या काळात रंगारी ओळखायचा तो पायावरून – नखापर्यंत शिंतोडे. याच्या बुटात माझं तोंड दिसत होतं.

सूनबाई म्हणाली, “आई, हात लावू नका, आणखी निघेल.”

हात लावला. आणखी निघाला.

मंगळवार, ५ मार्च

रंगारी आला. डॉक्टर पाठीवर ठोकतात तशी भिंत ठोकली, मान हलवली. “ओल आहे, साहेब. आतून. प्लास्टर फोडावं लागेल. दोन महिने धरा.”

धाकट्याचं लगेच, “मग तोवर आई दादाकडे राहील.”

लगेच! म्हणजे आधीपासून जिभेवरच होतं. थोरल्याकडे म्हणजे नववा मजला आणि हॉलमधला सोफा. सोफ्याला मधोमध खळगा, त्यात मी. सकाळी सहाला उठून चादर घडी करून लपवायची, कुणी आलं तर दिसू नये म्हणून. मागे आठ दिवसांसाठी म्हणून गेले, पाच महिन्यांनी परत आले. या वेळी गेले की संपलं. धाकट्याला घरून ऑफिसचं काम करायला खोली हवी आहे. गेल्या महिन्यात माझ्या खिडकीखालचं माप घेत होता. म्हणे, “सहज बघतोय गं.” टेप घेऊन सहज कोण बघतं?

आणि ओल म्हणे! ओल असती तर माझे गुडघे आधी बोलले असते.

बुधवार, ६ मार्च

प्लास्टिकची मोठी पिशवी उसवून तिचा चौकोन केला. सुटलेल्या जागी भिंतीला लावला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. भिंतीत ओल असली तर दोन दिवसांत प्लास्टिकला आतून घाम येतो. हे असंच बघायचे. तीन इयत्ता शिकलेल्या बाईला कळतं आणि फोनवर चित्रं दाखवणाऱ्याला कळत नाही.

चिकटपट्टीही हल्लीची! उघड्या भिंतीवर धरतच नाही, लावली की गळते. शेवटी चौकोन मोठा करून चांगल्या रंगावर चिकटवला.

धाकटा डोकावला. “आई, हे काय लावलंयस?”

“तुझ्या रंगाऱ्याची परीक्षा घेतेय.”

शुक्रवार, ८ मार्च

कोरडं! ठणठणीत! भाकड गाईसारखं!

शनिवार, ९ मार्च

धाकट्याने रंगाऱ्याला फोनवर असा झापला की मी मुद्दाम जवळ जाऊन बसले. पलीकडून चिरका आवाज, “साहेब, वीस वर्षं हेच करतोय, असं कधी झालं नाही...”

मी म्हटलं, “सांग त्याला, वीस वर्षं चुकीचंच करतोय.” धाकटा फोन धरून हसला. किती दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसला!

समोरच्या बाईंनाही त्याने सांगून टाकलं. त्यांची तीन खोल्यांची रंगरंगोटी पुढच्या आठवड्यात हाच करणार होता. त्यांनी तिथल्या तिथे त्याला नाही म्हणून कळवलं. बरं झालं. लोकांच्या भिंती वाचल्या.

आणि मोठी बातमी – दादाकडे जायचं रद्द. “तेवढाच तुकडा नीट करून घेऊ, आई. तू राहा इथंच.” सूनबाईचं तोंड बघण्यासारखं होतं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, ११ मार्च

म्हटलं, तुकडा मीच नीट करते. ह्यांची रंग खरवडायची जुनी लोखंडी पट्टी शोधून काढली आणि खरवडायला बसले. काय मजेत निघत होता! एक पापुद्रा हातभर लांब निघाला. तो उलटा करून पाहिला.

पुढचं उद्या लिहीन.

मंगळवार, १२ मार्च

पापुद्र्याची मागची बाजू पांढरी होती. भिंतीवर तळहात फिरवला. पिठाच्या डब्यात घातल्यासारखा हात पांढरा झाला. म्हणजे दोष नव्या रंगाचा नव्हताच. खालचा जुना थर भुसभुशीत, नवा रंग त्यालाच धरून बाहेर आला. चिकटपट्टी का गळत होती तेही कळलं.

तो जुना थर ह्यांनी लावलेला. आणि कालवला मी.

तेव्हा खडूची भुकटी, पाणी आणि सरस असं कालवायचं. सरस म्हणजे हाडाकातड्याचा गोंद, चुलीवर वितळवायचा. तो नसेल तर खडू भिंतीला धरत नाही, नुसता बसून राहतो. घर नवीन होतं आणि धाकटा पोटात होता. सरसाचा तो वास! डबा उघडला की आतडी तोंडात यायची. बादलीला तीन वाट्या घालायच्या तिथे मी एकच घातली आणि नाक दाबून पळाले. ह्यांनी विचारलं, “सरस पुरेसा आहे ना?” मी म्हटलं, “आहे की.” बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या बादलीत दुसऱ्यांदा कधी बघितलं नाही.

नंतर दर तीन-चार वर्षांनी हे वरून पातळ हात मारायचे. हलका रंग, तो टिकला. हा नवा प्लास्टिकचा रंग वाळताना आवळतो. खालचं सगळं उपटून घेतो.

आता सांगितलं तर तुकड्यावर भागणार नाही. चारी भिंती वरपासून खालपर्यंत खरवडायच्या. म्हणजे सोफा, खळगा, आणि खिडकीखाली टेबल.

नाही सांगितलं तर काय होईल? त्या बूटवाल्याची बदनामी. होऊ दे! रंग लावण्याआधी भिंतीवरून एकदा हात फिरवायचा एवढंही ज्याला सुचत नाही, त्याचं मला काय?

बुधवार, १३ मार्च

नाही सांगितलं. जेवण गेलं नाही.

गुरुवार, १४ मार्च

रंगारी शिडी न्यायला आला. धाकट्याने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेला. रंगारी माझ्या खोलीत शिडी उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“आजी, समोरच्यांनीपण नको म्हटलं. ठीक आहे. पण माझं चुकलं काय, तेवढं कुणी सांगितलं असतं तर...”

असा कसा विचारतो मेला! दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखाने गप्प बसले असते.

“हात फिरव भिंतीवरून,” मी म्हटलं.

फिरवला. तळहात बघत राहिला. “आजी, खालचा थरच सुटा आहे हो!”

“आपोआप सुटा नाही झालेला. मी ठेवलाय तसा.” आणि सगळं सांगून टाकलं – सरस, वास, एक वाटी. तो शिडीच्या पायरीवर बसून हसायला लागला. डोळे पुसत म्हणाला, “पण मीही आधी हात फिरवायला हवा होता. ओल म्हणून मोकळा झालो.”

“हवाच होता, गाढवा! खरवडायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं, प्राइमर मारायचा आणि मग तुझं ते धुकं. एवढं कळायला वीस वर्षं कमी पडली?”

मागे धाकटा उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक.

“म्हणजे हे माझ्यामुळे?” तो म्हणाला.

“तुझ्यामुळेच! पोटात होतास तेव्हापासून ताप.”

कुणीच हसलं नाही. मग तो हळूच म्हणाला, “म्हणजे अख्खी खोली खरवडायची.” मी हो म्हटलं. तो ‘दादाकडे’ म्हणायच्या आत मीच कपाटावरची बॅग खाली ओढली.

धाकटा समोरच्यांकडे गेला. चूक रंगाऱ्याची एकट्याची नाही, हे त्यांना सांगून आला. मी न सांगता गेला.

शनिवार, १६ मार्च

परवा रंगाऱ्याने जाता जाता हॉलच्या भिंतीवरून हात फिरवला. पांढरा! धाकट्याच्या खोलीत – पांढरा! स्वयंपाकघर – पांढरं! अगं बाई, सगळं घर मीच कालवलं होतं की! आता एकेक खोली करत अख्खं घर खरवडायचं. माझी खाट या खोलीतून त्या खोलीत सरकवता येते, त्यांचा डबल पलंग नाही. धाकटा आणि सूनबाई आजच थोरल्याकडे गेले. सोफा उघडला की दोघं मावतात म्हणे. रंगारी सोमवारी नऊला येतो आहे. बादली मी कालवणार.