खुल्या स्पर्धेचा खरा इतिहास

३ ऑक्टोबर १९३५, जालना

आजपासून रोजनिशी. इतिहास लिहिणाऱ्याने स्वतःचाही पुरावा ठेवायला हवा.

शरदचंद्रराव वकिलांनी काम दिले. बाबा त्यांच्याकडे मुन्शी आहेत, आणि वकील स्वतः छावणीतल्या गोल्फ क्लबाचे जॉइंट सेक्रेटरी. क्लबाच्या मैदानावर दर जानेवारीत राज्याची खुली गोल्फ स्पर्धा होते. तिला सगळे 'ओपन' म्हणतात. तिला पंधरा वर्षे झाली म्हणून एक पुस्तिका निघणार आहे आणि तिच्यात इतिहास हवा आहे. म्हणाले, दोन पाने पुरेत. विजेत्यांची यादी आणि वर दोन गोड वाक्ये.

दोन पाने. हैदराबादेत मामाकडे राहून चार वर्षे इतिहास शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, ती दोन पानांसाठी. तोंडावर काही बोलले नाही. दहा प्रकरणे लिहिणार आहे.

४ ऑक्टोबर

संकल्प. एक, रोज पाच पाने. दोन, कोणावर चिडायचे नाही. तीन, आपण काय करतो आहोत ते आईला नीट समजावून सांगायचे.

तिसरा दुपारीच सोडला. आई म्हणाली, एक चेंडू भोकात घालायला बापे लोक मुंबईहून येतात, त्यांना घरी काही काम नाही का. त्यानंतर दुसराही सोडला.

पाने: शून्य. टाक खरखरतो आहे.

७ ऑक्टोबर

क्लबाने वाचायला दिलेल्या जाड इंग्रजी पुस्तकातून एक रत्न हाती लागले. स्कॉटलंडात १८६० साली पहिली ओपन झाली तेव्हा खेळायला उतरले आठ जण. ते उमराव नव्हते. चेंडू शिवणारे, काठ्या घडवणारे, दुसऱ्यांच्या पिशव्या उचलणारे, खेळावर पोट असलेले व्यावसायिक. ही श्रमिकांची स्पर्धा होती. तिच्यावर साहेब लोक नंतर येऊन बसले. हेच माझ्या इतिहासाचे सूत्र.

पुस्तकात पुढे चाळीस पाने नियम आहेत. ती वगळली. लढाईचा इतिहास लिहायला तलवार चालवता यावी लागत नाही.

१२ ऑक्टोबर

क्लबात गेले. पुढच्या दिवाणखान्यात बायकांना मनाई. बी.ए. असले तरी मनाई. मागच्या ओसरीवर सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी एक डुगडुगते टेबल दिले आणि जुन्या कार्डांची पत्र्याची पेटी पुढे सरकवली. राग गिळला. इतिहासात 'ओसरी' असे स्वतंत्र प्रकरण घालीन.

तिथेच कचरू भेटला. मैदानाचा जुना माणूस, वय पस्तिशीचे. आपल्याकडच्या या कोरड्या जमिनीत हिरवळ धरत नाही, म्हणून भोकाभोवती गवताऐवजी बारीक रेती पसरतात. तिच्यात जिनिंग फॅक्टरीचे काळे तेल कालवून दाबतात. त्याला 'ब्राऊन' म्हणतात. ते सगळे ब्राऊन कचरूच्या हातचे. मैदानाच्या कडेला त्याची खोली आहे, तीही क्लबाचीच. आधी तो साहेबांच्या पिशव्या उचलायचा आणि खेळायचाही.

मी त्याला 'अहो' म्हणते. तो दर वेळी मागे वळून पाहतो.

१९ ऑक्टोबर

कचरू बोलका आहे, पण नको तेच बोलतो. आज तासभर रेतीत तेल किती घालावे ते सांगितले. एकच गोष्ट उपयोगाची निघाली. एका वर्षी स्पर्धेच्या दिवशीच अंगारकी आली. पिशव्या उचलणारे झाडून सगळे राजूरच्या गणपतीला गेले. साहेबांनी स्वतःच्या पिशव्या स्वतः उचलल्या आणि सातव्या भोकाला दोघे जण बसले ते उठेनात. श्रमिकांचा पहिला संप, असे लिहून घेतले. कचरू म्हणाला, संप नव्हता, नवस होता. संप असेच लिहिले.

पाने: तीन. त्यांतली दोन प्रस्तावना.

२६ ऑक्टोबर

आज सगळे टाकून आधी हे लिहिते.

पेटीत पहिल्या ओपनचे कार्ड सापडले. जानेवारी १९२१. दोन दिवसांचा खेळ, चौदा खेळाडू. कॅप्टन पेंडल्टन, १५७. कचरू पुंजाराम, १६३. त्याखालचे आकडे ओलीने पुसले आहेत. आणि ओसरीच्या दारातून दिसणाऱ्या, दिवाणखान्यातल्या विजेत्यांच्या फळीवर सोनेरी अक्षरांत पहिला विजेता कोण? पेंडल्टन.

एकशे त्रेसष्ट आणि एकशे सत्तावन्न. बिगरीतल्या मुलालाही कळेल. सहा गुणांनी जिंकलेल्या माणसाला पंधरा वर्षे रेतीत तेल कालवायला लावले आणि रोज त्याच फळीखालून येजा करायला लावली. संतापाने मला जेवण गेले नाही. आई म्हणाली, भाकरी कडक झाली असेल.

२८ ऑक्टोबर

कचरूपुढे कार्ड ठेवले. त्याने ते बराच वेळ हातात धरले. मग म्हणाला, साहेब बराबर जिंकला होता, माझे जास्त झाल्ते.

जास्त झाले, हेच तर मी म्हणते आहे. पंधरा वर्षे कोणाची हुजरेगिरी केली की माणसाला स्वतःचा विजयही अपराधासारखा वाटू लागतो. हे वाक्य सहाव्या प्रकरणात घालायचे.

त्याने आणखी एक सांगितले. अकराव्या ब्राऊनवर त्याची काठी टेकली आणि चेंडू जरासा हलला. कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःच लिहिणाऱ्याला सांगून आपल्या नावावर एक वाढवून घेतला. वाढवून मागितला आणि मिळवला. अशा बाणेदार माणसाला कोणी तेलकट केले?

जाताना म्हणाला, "काय लिहायचं ते लिहा, बाई. माझं काम अन् खोली जाईन असं काही लिहू नका, बस." मी शब्द दिला. खरे लिहिल्याने कोणाचे काम जात नाही.

९ नोव्हेंबर

शरदचंद्ररावांकडे गेले. पहिल्या विजेत्याबद्दल वाद आहे, एवढेच मी म्हणाले. त्यांनी अडकित्ता खाली न ठेवता सांगितले की वाद काही नाही, फळी पाहा. मी म्हटले, फळी म्हणजे पुरावा नव्हे. ते म्हणाले, दोन पाने कुठवर आली? बाबा कोपऱ्यात कागद लावत होते, ते खोकले. बाबांचे खोकणे मला चांगले समजते. वर बघायला धजत नाहीत.

यांना दोन पाने मिळणार नाहीत. नगरच्या साप्ताहिकाला लिहिते. इंग्रजी हद्द आहे, तिथे इथल्यासारखी तोंडे बांधलेली नाहीत.

१५ नोव्हेंबर

लेख पाठवला. 'जिंकला कचरू, नाव पेंडल्टनचे.' एका बैठकीत अकरा पाने. रागाने लिहिताना टाक खरखरत नाही.

कचरूला सांगितले नाही. छापून आल्यावर वाचून दाखवीन. तो आनंदाचा क्षण असा आधीच का खर्चून टाकावा?

३० नोव्हेंबर

छापून आला. दुसऱ्या पानावर, पूर्ण. खाली 'कु. उमा जगन्नाथ, बी.ए., जालना'. संपादकांनी एक अक्षर बदलले नाही. सुज्ञ माणूस.

अंक घेऊन मैदानावर निघाले होते, पण बाबांनी अडवले. म्हणाले, दोन दिवस घरी बस. का ते सांगेनात. भित्रेपणा या घरात मुरलेला आहे.

४ डिसेंबर

सकाळी एक बाई दारात उभी. कचरूची बायको, चतुराबाई. वाटले, आभार मानायला आली. आत बोलावले, पाट दिला. बसली नाही.

क्लबाने कचरूला कामावर यायला मना केले आहे. त्यानेच बाईला फूस लावून खोटे छापवले, असे कमिटीचे म्हणणे. खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची. चतुराबाई माझ्याकडे न पाहता आईशी बोलत होती. "बामणाच्या पोरीनं वह्या घेऊन यावं, आम्ही च्या पाजावा, अन् तिनं आमचं घर मोडावं, असं काय केल्तं आम्ही?" आईने मान खाली घातली. मी मध्ये समजावून सांगू लागले की हा लढा तिच्याच नवऱ्याचा आहे. ती म्हणाली, "मंग तुम्ही लढा. आमाला काम द्या."

किती अज्ञान. पण मी चिडले नाही. कमिटीवर चिडले. दुसरा लेख लिहिणार. त्याहून कडक.

५ डिसेंबर

दुसऱ्या लेखाचा मसुदा बाबांनी मागून घेतला. वाचताना आकड्यांवर बोट ठेवून थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "उमे, ह्या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो."

मी विचारले, कधीपासून.

बाबा म्हणाले, पहिल्यापासून.

६ डिसेंबर

आज काही लिहिणार नव्हते.

आकडे गुणांचे नाहीत. फटक्यांचे आहेत. चेंडू भोकात घालायला किती वेळा मारावे लागले, त्याचे. जगात असा खेळ दुसरा नसेल, ज्यात ज्याच्या पदरी कमी तो पुढे. हुतूतूत असे आहे? क्रिकेटात आहे? परीक्षेत आहे? ज्याने हा खेळ काढला त्याने ही गोष्ट पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक छापायला हवी होती.

(छापली आहे. नियमांच्या दुसऱ्या पानावर.)

आणि बाबांना हे ठाऊक होते तर नऊ नोव्हेंबरला नुसते खोकले का? शरदचंद्ररावांनी अडकित्ता ठेवून चार शब्द नीट का सांगितले नाहीत? संपादकांनी तपासायला नको का? कचरूनेही स्पष्ट सांगायला हवे होते.

त्याने सांगितले होते. २८ ऑक्टोबर पाहा. पाहू नये.

१० डिसेंबर

गेले. कचरू खोलीसमोर बाजेची सुंभे ओढून बांधत होता. सामान हलवायचे म्हणून. मी नियमांचे पुस्तक सोबत नेले होते, चूक कशी स्वाभाविक होती ते दाखवायला. उघडलेच नाही.

त्याला राग येईल, काम गेल्याबद्दल बोलेल, असे धरून गेले होते. त्याने कामाचे नावही काढले नाही. म्हणाला, "छावणीत सगळे मला 'जिंकणारे साहेब' म्हणून हाका मारून राह्यले. म्या माझा एक फटका कधी लपवला न्हाई. न दिसलेला बी सांगितला. अन् तुम्ही मला सहा फटक्यांचा खोटा केला."

मी म्हणाले, मी दिलगिरी छापते. नगरला लिहिते. तो म्हणाला, नगरला कोण वाचतंय, क्लबाच्या नोटिशीच्या फळ्यावर लावा. जे हसतात ते तिथं उभे राहतात.

परत येताना वाटेत ठरवले: दिलगिरीतही इतिहासाची शिस्त पाळायची. आरंभी इतिहासलेखनातल्या प्रामाणिक चुकांचा थोडक्यात आढावा.

१३ डिसेंबर

आढावा चार पानांचा झाला. कचरूला वाचून दाखवला. दीड पानाच्या पुढे त्याने हात वर केला. म्हणाला, आकडा लिहा, बस. आकडा बराबर लिहा.

उरलेले हे: 'पहिल्या खुल्या स्पर्धेत कचरू पुंजाराम १६३ फटके घेऊन दुसरा आला. तो जिंकला असे मी छापवले. मी खेळ न समजता लिहिले. कचरूने मला खरे तेच सांगितले होते.'

शेवटचे वाक्य त्याने मागितले नव्हते. मीच घातले. तीन वेळा खोडले होते.

१४ डिसेंबर

शरदचंद्ररावांनी कागद वाचला. खाली मी नुसते 'उमा जगन्नाथ' लिहिले होते. आयुष्यात प्रथमच. त्यांनी माझ्यासमोर आपला टाक घेतला, नावापुढे 'बी.ए.' घातले आणि फळ्यावर लावायला दिला.

पुस्तिकेसाठी दोन पाने त्यांच्या कारकुनाने काल दुपारीच लिहून दिली आहेत. म्हणाले, यादीच होती, त्यात काय. तुझे बाबा जुने माणूस, म्हणून मी फार बोललो नाही.

घरी येऊन नऊ प्रकरणांची शीर्षके असलेले कोरे कागद आईला चुलीत घालायला दिले. आईने ते नीट घडी करून फडताळात ठेवले. तिच्यावरही चिडले.

१८ डिसेंबर

कचरूला कामावर घेतले. खोली राहिली. आई म्हणाली, जाऊन ये. 

मैदानावर तो सातव्या ब्राऊनवर लांब दांड्याच्या फळीने रेती ओढत होता. मी कडेला उभी राहिले. तेलावर पाय देऊ नये, हे आता मला कळते.  मग मी विचारले, दुसरे आलात ते कमी नव्हते. पुढच्या वर्षी का नाही खेळलात?

फळी न थांबवता तो म्हणाला, "गेल्तो की नाव द्यायला. तयारी बी केल्ती, सहा महिने. तवा नवा कायदा लागलेला. क्लबाच्या चाकरीत असंल त्यानं ओपनमधी खेळायचं न्हाई. मला दुसरा आलेला पाह्यला अन् मंग लावला. त्या साली पहिला आला तो एकशे एकसष्टला आला, बाई. म्या तवा त्याच मैदानात रोज एकशे पंचावन्न करून राह्यल्तो."

हे मला आधी का सांगितले नाहीत, असे मी विचारले. माझा आवाज चढला होता.

तो म्हणाला, "तुम्ही पहिल्या सालाचंच इचारून राह्यल्त्या."

मी पिशवीतून वही काढली. पेन्सिल काढली. साल विचारले, कायदा कोणाच्या सहीचा होता ते विचारले.

कचरूने फळी खाली ठेवली आणि क्लबाच्या ओसरीकडे पाहिले. "आता नका लिहू, बाई. कालच कामावर आलोय."

वही मिटली.