संगणकाचे ज्ञान असल्याच्या संशयातून नाव वगळण्याबाबत

प्रति,
मा. श्री. मुरलीधर खासनीस,
अध्यक्ष, स्नेहबंध मराठी मंडळ,
हॅरो, लंडन.

विषय : मंडळाच्या ई-मेल खात्यावरील हल्ल्याच्या संशयितांतून (संशयितांची एकूण संख्या : एक) अर्जदाराचे नाव काढून तसे सभेत जाहीर करण्याबाबत.

संदर्भ : मंडळाची सूचना क्र. ४, दि. १० नोव्हेंबर, 'सदस्यांनी सावध राहावे'.

महोदय,

अर्जदार परीक्षित ओगले, राहणार रेनर्स लेन, गेली सहा वर्षे मंडळाचा सदस्य, एका विमा कंपनीत संगणक-सुरक्षेच्या कामावर, याचे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

दि. २७ ऑक्टोबर रोजी सकाळी मंडळाच्या खात्यावरून तीनशे चाळीस सदस्यांना 'दिवाळी कार्यक्रमाची तिकिटे, अर्जंट, लगेच उघडा' असा मेल गेला. तो मंडळाने पाठवलेला नाही हे अर्जदाराने ट्रेनमध्ये उभ्या उभ्या ओळखले, कारण कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी मंडळाचा मेल येणे आजवर कधी घडलेले नाही. अर्जदाराने ताबडतोब सचिव मनीषाताई टिळेकर यांना फोन केला. पासवर्ड आत्ता बदला, सगळीकडून लॉग-आऊट करा, फोनवर कोड येण्याची सोय चालू करा, तो मेल उघडू नका असे सर्वांना कळवा, पुरावा म्हणून एकही मेल पुसू नका, आणि सदस्यांची खासगी माहिती फुटल्याचे इथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला बहात्तर तासांत कळवावे लागेल, असे सर्व सांगितले. ताई 'थँक्यू सो मच' म्हणाल्या आणि 'पण तुम्हाला हे इतकं डिटेलमध्ये कसं माहीत?' असेही त्यांनी विचारले. अर्जदाराला ते कौतुक वाटले. या प्रकरणात अर्जदाराची चूक झाली असेल तर ती एवढीच.

त्यानंतर कार्यकारिणीने काय केले ते नोंदवणे आवश्यक आहे. मंडळाचा पासवर्ड म्हणजे मंडळाचे नाव आणि स्थापनेचे वर्ष. तो अकरा माजी अध्यक्षांना, त्यांच्या सौभाग्यवतींना आणि वेम्ब्लीच्या केटररला तोंडपाठ आहे. बदलला तर माजी अध्यक्षांना परके वाटेल, या कारणाने तो कधी बदलला गेला नाही. हल्ल्यानंतरही कार्यकारिणीने चार दिवस विचार केला, मग त्याच पासवर्डच्या शेवटी एक उद्गारचिन्ह लावले, आणि कोणाचा मानापमान नको म्हणून तो नवा पासवर्ड तीनशे चाळीस जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खजिनदार हरीश यांनी मेलबॉक्स स्वच्छ दिसावा म्हणून सगळे मेल पुसून टाकले. आयुक्तांना कळवले तर मंडळाचे नाव जाईल म्हणून त्यांना कळवले नाही. हल्लेखोराला मात्र कळवले. आम्ही एक चॅरिटी असून सांस्कृतिक कार्य करतो, तरी कृपया त्रास देऊ नये, असे दोन परिच्छेदांचे पत्र त्या मेलमध्ये दिलेल्या पत्त्यावर त्याला गेले. सोबत कार्यक्रमाचे आमंत्रणही गेले. एवढा आदरसत्कार अर्जदाराच्या वाट्याला सहा वर्षांत आलेला नाही.

दि. ९ नोव्हेंबरच्या बैठकीत हल्ला कोणी केला यावर पाऊण तास चर्चा झाली आणि 'आपल्यात एवढं कॉम्प्युटर कळणारं दुसरं आहे कोण?' या एका प्रश्नावर ती संपली. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली की चौकशी पूर्ण होईपर्यंत श्री. ओगले यांच्याशी डिजिटल व्यवहार टाळावेत. चौकशी कोण करणार, हे सूचनेत नाही. तसे कळणारा मंडळात दुसरा कोणी नाही, हे कार्यकारिणीनेच ठरवलेले आहे.

परिणाम असा की पिनरला एका वाढदिवसाला अर्जदार आत शिरताच लोकांनी टेबलावरचे फोन उचलून खिशात घातले. अर्जदाराची पत्नी वरदा हिला हळदीकुंकवाच्या ग्रुपमधून 'फक्त प्रिकॉशन म्हणून हं' असे सांगून काढण्यात आले. अर्जदाराच्या ऑफिसातला अपूर्व हाही मंडळाचा सदस्य आहे. त्याने कॅन्टीनमध्ये चारचौघांत 'तुझं ते मंडळाचं काय मॅटर झालं रे?' असे विचारले. दुसऱ्यांची कुलुपे सांभाळण्याचा ज्याचा धंदा, त्याच्यावर कुलूप फोडल्याचा संशय आला तर त्याला नोकरीवर कोण ठेवील? अर्जदाराला याचे फार वाईट वाटले, आणि राग त्याहून जास्त आला.

आता परवाचे, म्हणजे रविवार दि. १६ चे. दुपारी एक वाजता आपण स्वतः अर्जदाराला फोन केलात. मंडळाचाच पासवर्ड आपण घरच्या खात्यालाही ठेवला होता आणि तेही खाते गेले होते. गाडी मागच्या रस्त्यावर लाव, समोरच मनीषाताई राहतात, अशी आपली सूचना होती. अर्जदाराने ती पाळली. अडीच तास तो आपल्या डायनिंग टेबलाशी बसला. आपले मेल, आपले फोटो, आपली सारी कागदपत्रे त्याच्यासमोर उघडी होती आणि आपण शेजारच्या खोलीत क्रिकेट पाहत होतात. आशाकाकूंनी दोनदा पोहे वाढले. खाते परत मिळाले. निघताना आपण खांद्यावर हात ठेवून 'तुझ्याशिवाय भरवसा ठेवायचा कोणावर?' असे म्हणालात आणि अर्जदाराला बाजूच्या फाटकाने बाहेर सोडलेत.

तरी विनंती की दि. ३० नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत आपण उभे राहून, अर्जदाराचा हल्ल्याशी काही संबंध नाही हे सांगावे, आणि रविवारी आपण आपले खाते कोणाच्या हाती दिले होते, हेही सांगावे. हे जमणार नसेल तर तसे कळवावे. पुढच्या वेळी आपला फोन आला तरी अर्जदार येईल, पण गाडी आपल्या दारासमोर लावील आणि पुढच्या दाराची बेल वाजवील.

कळावे,
आपला, सूचना क्र. ४ निघूनही सदस्य राहिलेला,
परीक्षित ओगले
मंगळवार, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. सूचना क्र. ४ ची प्रत.
२. मनीषाताईंना दि. २७ ऑक्टोबर रोजी सकाळी ८.५२ वाजता केलेल्या फोनची नोंद.
३. आपल्या घरामागील रस्त्यावरची पार्किंगची पावती, दि. १६ नोव्हेंबर, दुपारी २.१० ते ४.५०.