सेफ सीट

बाबा, काल माझ्या वेबसाइटवर अमेरिकेतल्या एका बाईंनी विचारलं, "आमच्या राज्याचा निकाल तुम्ही आधीच सांगून टाकलाय, मग मी मत द्यायला कशाला जाऊ?" उत्तर लिहायला बसले आणि तुमची निळी बॅग आठवली.

माझा उद्योग तुम्हाला ठाऊकच आहे. तिथला राष्ट्राध्यक्ष राज्याराज्यांतून ठरतो, म्हणून प्रत्येक राज्याच्या मतचाचण्या गोळा करायच्या, शिळ्या चाचणीला कमी वजन, ताजीला जास्त, आणि नकाशा रंगवायचा. वीकेंडला रुवैसच्या कामावरून इथे आखातात, रीम आयलंडवरच्या घरी आलात की बूटही न काढता तुम्ही विचारायचात, "काय गं, आज कोण पडलं?" स्वतः कुठेच मत न देणारं आपलं घर, आणि चहाबरोबर चर्चा पेनसिल्व्हेनियाची!

मग आपल्याकडची निवडणूक आली. तुम्ही गावच्या यादीत नाव घातलंत, रजा टाकलीत, बॅग भरून हॉलमध्ये ठेवलीत. मी लॅपटॉपवरून मानही वर न करता म्हटलं, "बाबा, तुमची सीट सेफ आहे, कोण जिंकणार ते ठरलेलंच आहे. काय फरक पडणार?"

"अगं, मी फरक पाडायला कुठे चाललोय? शाळेत रांग लागते, सगळे भेटतात. भाऊ जागा धरतो माझी."

"कम ऑन बाबा, अठ्ठ्याण्णव टक्के खात्री!" मी स्क्रीन तुमच्याकडे वळवला. तुम्ही आकडा वाचलात. "म्हणजे खलास," म्हणालात आणि कपडे परत कपाटात लावायला लागलात. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "जाऊ दे ना गं त्यांना!" निकाल मी सांगितला तसाच लागला. तो मी तुम्हाला रुवैसला फोन करून ऐकवला, मूर्खासारखा. अजून स्वतःचा राग येतो.

पुढची निवडणूक तुम्हाला मिळाली नाही. तुम्हाला शेवटचं गावी नेलं तेव्हा काका म्हणाले, "येतो म्हणाला होता. बूथ बंद व्हायची वेळ झाली तरी मी मागच्यांना पुढे सोडत होतो." येत नाही हे तुम्ही त्यांना कळवलंच नव्हतंत. कोणत्या तोंडाने कळवणार होतात? पोरीने टक्के दाखवले म्हणून?

त्या बाईंना मी एवढंच लिहिलं, "जा. कुणी ओळखीचं असेल तर रांगेत बरोबर उभ्या राहा."

हे पत्र मात्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. यंदा गावच्या यादीत मी माझंही नाव घातलंय. काकांना जागा धरायला सांगितलंय. फक्त आपल्या सीटचा अंदाज काढलेला नाही, मुद्दाम. सेफ निघाली तर माझा पाय घरातून निघायचा नाही. मला माहीत आहे मी कशी आहे.