थर्माकोलचे खांब

बुधवार, ११ फेब्रुवारी. अमरावती, संध्याकाळ.

अकोल्याहून रिकाम्या हातानं परत आलो. जुन्या युरोपी इमारतींच्या चित्रांचं पुस्तक, दोन वर्षं शोधत होतो तेच, निघालं कुठं तर लग्नाचे मंडप सजवणाऱ्या सलीमभाईंच्या गोदामात! पुस्तकातले खांब पाहून ते थर्माकोल कापत होते. चित्रातल्या एका खांबाच्या माथ्यावर डिंकानं भरलेला अंगठा उमटलेला. जीव कळवळला.

म्हटलं, "भाई, हे मले द्या. कपाटात जपून ठेवीन."

"अन् मी गेट काय पाहून बनवू?"

"मोबाइलवर फोटो काढून घ्या ना."

"मंग तूच काढून घे ना बाबू! तुले तं नुसतं पाहाचंच हाय."

खरंच, मला चित्रं पाहिजेत की पुस्तक? इंग्रजी तर धड वाचता येत नाही. कपाटातली अशीच सहा पुस्तकं शेवटची कधी उघडली, तेही आठवत नाही. तो अंगठा मात्र डोळ्यांपुढून जात नाही. पण त्याच खांबावरून त्यांनी आधी बनवलेलं गेट देखणं झालं होतं, हे कबूल.

मग चहा झाला. "जरा धर," म्हणाले, तर डिंक वाळेपर्यंत मी खांब धरून उभा. एवढ्यात बसची वेळ झाली. घरी येऊन पाहतो तर केसांत थर्माकोलचे दाणे, आणि मोबाइलमध्ये एकही फोटो नाही.