काठावरचं पाणी

बाबा, तुम्ही असतात तर आज माझ्याशी बोलला नसतात. बोईसरच्या आमच्या ऑफिसात टेबलावर नदीच्या पाण्याच्या बारा बाटल्या मांडल्यात, एकजात नितळ. ऐन पुरात भरल्यात म्हणे! बघूनच किळस आली.

पुलावरून नदीचं पाणी मोजायची तुमची नोकरी. पूर आला की पुलाच्या मधोमध उभे राहून दोराला बांधलेली बाटली प्रवाहात सोडायचात आणि ते लाल गढूळ पाणी घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचात. आई वैतागायची, "आता वरणात पन नदीच घालू काय?" तुम्ही हसायचात. गाळ खाली बसेपर्यंत फळीला धक्का लावायचा नाही. मग तो वाळवायचा, तोलायचा. वरचा डोंगर किती झिजला, ते त्या चिमूटभर मातीवरून कळतं, हे मी तिथेच शिकले. कॉलेजात असताना एकदा पुरात तुम्हाला ताप होता म्हणून तुमच्या जागी मी गेले. पुलावर जायची भीती वाटली, काठावरूनच बाटली बुडवून आणली. तुम्ही ती उजेडात धरली आणि अंगणात ओतून टाकली. "काठाचं पानी निजलेलं असतं. माती मधी धावते. जा परत." मी रडत निघाले, तर तापानं फणफणलेले तुम्ही मागून दोर धरायला आलात.

या बाराही बाटल्या काठावरच्याच. भरणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, सायब बोलले पुलावर जाऊ नको, तिथं पानी खराब येतं." खराब! वरची टेकडी मुरमासाठी पोखरतायत आणि खालच्या पाड्यावरची भातखाचरं गाळानं बुजतायत. आमच्या अहवालात 'मातीची धूप नगण्य' असं लिहिलं की खोदायला रान मोकळं. साहेब चहा पीत म्हणाले, "नदी काय साक्ष द्यायला येणार हाय?" सगळे हसले. थुंकावंसं वाटलं मला. कुंपणच शेत खातंय, बाबा, आणि त्या कुंपणात मीही आहे.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. एकच सांगायचंय. आज सकाळी माळ्यावरून तुमचा दोर काढला, पिशवीत घातला आणि पुलाकडे निघाले. वाटेत रिक्षा वळवून ऑफिसात आले. अहवालावर सही केली, तेव्हा तुमचा दोर माझ्या पायाशी पिशवीत होता.