हिवाळ्याची पेटी

२६ डिसेंबर २०२४

पोरगी वाचली. आधी एवढं लिहितो, बाकी नंतर.

मंडळाच्या उत्तमरावांचा चिखलदऱ्याच्या शिबिरातून फोन. आज सकाळी पॉइंटवर धुक्यात प्रणालीला दम लागला आणि तिचा दम्याचा पंप कुठंच नाही! सॅका, औषधांची पेटी, सगळं उलटं केलं. शेवटी जीपनं खाली परतवाड्याला नेलं. ऑक्सिजनवर आहे. बोलते आहे.

मला विचारतात, ‘गजूभाऊ, पंप कोनाजवळ देल्ला व्हता?’ नीलमताईंच्या हातात, म्हटलं. परवा पहाटे इथं जठारपेठेत गाडी भरताना प्रणालीची आई साधनाताई धावत आल्या, पंप माझ्याकडे दिला. मी नीलमताईंना दिला. त्या नर्स, शिबिरात औषधांची पेटी त्यांच्याकडे. दुसऱ्या कोणाला देणार?

गुडघ्यांमुळे मी शिबिराला जात नाही, मंडळाचं सामान बांधून देतो. अकरा वर्षं. तीन पेट्या — उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आजवर तंबूची एक मेख कमी पडली नाही. त्या पहाटे तर गारठ्यानं बोटं वळत नव्हती. एक जादा जॅकेट अंगात घालून गाडी भरली, मग घडी करून परत इथल्या पेटीत ठेवलं. ते कष्ट कोणाला दिसत नाहीत.

२९ डिसेंबर

बैठक. नीलमताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘तुमी मले पंप देल्लाच नाही, गजूभाऊ. देल्ला असता तं पेटीतच असता.’ मी म्हटलं, म्हणजे मी खोटा? ‘खोटे नाही. इसरले असान.’

विसरलो. मी!

त्या उठून गेल्यावर उत्तमराव म्हणाले, ‘या लोकाईले जिम्मेदारीचं काम द्याच नाही.’ कोणते लोक, ते जातीचं नाव न घेताही बैठकीत सगळ्यांना कळलं. कोणी काही बोललं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. इथं कोण वाचतं, म्हणून लिहितो.

१६ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. शिबिरातून आलेली जॅकेटं धुऊन, वाळवून वर रचली, डांबरगोळ्या टाकल्या, हिवाळ्याची पेटी बंद. आता दिवाळीनंतरच उघडेल. आपल्याकडे थंडी असते किती दिवस!

साधनाताईंनी नीलमताईंच्या दवाखान्यात तक्रार दिली. साक्षीदार म्हणून मला लिहून मागितलं. लिहिता लिहिता आणखी आठवलं — त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप होता, पंप डाव्या हातानं घेतला. तेही लिहिलं. सही केली.

११ मार्च

नीलमताईंची बदली झाली. अंजनगाव सुर्जी. मुलगी जूनपासून दहावीला, म्हणून बिऱ्हाड अकोल्यातच, रोज एसटीनं जाणं-येणं.

बायकोनं जेवताना विचारलं, ‘तुमाले पक्कं आठवते ना?’

१४ मार्च

कौशल्येशी तीन दिवस बोललो नाही. आज मीठ मागावं लागलं.

४ मे

उन्हाळ्याची पेटी. टोप्या, दुपट्टे, मीठ-साखरेच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या. ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा दिला, नवीन पोट्टे हसले. हसा लेको, अकोल्याचं ऊन हसत नाही.

जुन्या मुली गाडीत चढताना विचारत होत्या, ‘नीलमताई काहून नाही आल्या?’ माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. प्रणालीचं नावच नाही यादीत. आता घरचे तिला कुठंच पाठवत नाहीत म्हणे.

१२ मे

सामान परत आलं. एका सॅकच्या खिशात सडका कांदा! सगळा वास पेटीला. खिसे तपासल्याशिवाय वस्तू आत ठेवायची नाही, हे अकरा वर्षं ओरडून सांगतोय मी. पालथ्या घड्यावर पाणी.

२० जुलै

पावसाळी शिबिर रद्द. ताडपत्र्या, गमबूट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं बांधलेलं परत सोडलं. औषधांची पेटी घ्यायला कोणी तयार नाही. एक शिक्षक तोंडावर म्हणाले, ‘उद्या काही झालं तं तुमी आमचंही नाव घ्यान.’

खरं तेच सांगितलं ना मी? मग माझ्याकडे असं का पाहतात? चोर सोडून संन्याशाला फाशी.

३० ऑगस्ट

बसस्टँडवर नीलमताई दिसल्या. अंजनगावच्या गाडीतून उतरत होत्या. हातात डबा, छत्री. वाळल्या आहेत. मी तोंड फिरवलं तर स्वतःच जवळ आल्या. ‘बरे आहा ना गजूभाऊ? गुडघे कसे हायेत?’

तसाच पुढं निघालो. आधी करायचं आणि मग गोड बोलायचं. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. कौशल्येनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच ओरडलो.

१५ नोव्हेंबर

हिवाळ्याची पेटी उघडली. उत्तमराव खुर्चीवर बसून यादी वाचत होते, मी एकेक काढून झटकत होतो. अगदी तळाशी ते जादा जॅकेट. आतल्या खिशात निळा पंप. वर चिकटपट्टी, तिच्यावर साधनाताईंच्या अक्षरात — प्रणाली.

‘काय सापडलं, गजूभाऊ?’ उत्तमरावांनी विचारलं.

डांबरगोळी, म्हटलं.