भिंतीवरून सोडायचे जाळे

मी, म्युरियल रिमर, माहेरची हॅलसल, वय एकाहत्तर, राहणार एग्रेमंट, मर्सी नदीकाठ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीबद्दल तसे म्हणता येत नाही. कोणी लिही म्हणून मागे लागलेले नाही. नवरा हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे त्यालाच दिले होते.

१. बँकेतील शिल्लक माझी मुलगी ग्लेनिस हिला. अंत्यविधीचा खर्च त्यातूनच करावा. विधी भरतीच्या वेळी ठेवू नये. का ते पुढे येईल.

२. माझ्या दोन्ही गळकाठ्या, रिळे आणि शिशाची वजने मासेमारी मंडळाला. आमिषाचे किडे मी कुठे खणते ते मात्र कोणाला सांगणार नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते.

३. राहते घर अर्धे ग्लेनिसला, अर्धे माझा धाकटा भाऊ नॉरिस हॅलसल याला. आईने ते सगळे माझ्या नावावर केले होते. त्याबद्दल नॉरिसने कधी चकार शब्द काढला नाही, एवढे मी मान्य करते.

४. भिंतीवरून सोडायचे गोल जाळे, दोरासकट, नॉरिसला. वडिलांनी केलेले आहे आणि माझ्याकडे असते. आमच्या इथे नदीची भिंत उंच आहे. मोठा कॉड लागला तर एकट्याला वर घेता येत नाही, गळाची दोरी तुटते. एकाने काठी धरायची, दुसऱ्याने जाळे खाली सोडून मासा वर ओढायचा. त्यामुळे भिंतीवर कोणाचे कितीही वाकडे असो, जाळ्याला कोणी नाही म्हणत नाही.

आईच्या अंत्यविधीला नॉरिस उशिरा आला. त्या दिवशी मोठी भरती होती. पायात रबरी बूट, अंगाला किड्यांचा वास आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कॉड. मी सगळ्यांसमोर विचारले, ‘आईपेक्षा मासा मोठा झाला का रे तुला?’ तो म्हणाला, ‘तिला आवडायचा. आजच्या जेवणाला करू म्हटलं.’ मी तो मासा घरात येऊ दिला नाही. तेव्हापासून बोलणे बंद. माझा राग अजून गेलेला नाही, मरायला टेकले म्हणून तो जाईल असेही नाही.

त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही त्याच भिंतीवर, मध्ये दिव्याचे दोन खांब सोडून उभे राहिलो. त्याला मासा लागला की तो ओरडायचा, ‘जाळं!’ मला लागला की मी. तेवढाच शब्द. मासा वर आला की ज्याने त्याने आपल्या जागी जाऊन आपापला चहा प्यायचा.

गेल्या डिसेंबरात त्याने हाक मारली आणि दोर ओढताना अर्ध्यावर माझ्या हातांतले बळ गेले. मासा निसटला. मी भिंतीवर जायचे थांबवले. आता खिडकीतून बघते. मासा लागला की तो कठड्यावरून पोटापर्यंत वाकतो आणि हाताने दोरी ओढतो. खाली पाणी चढलेले, वर फरशीवर बर्फ. तो दुसऱ्या कोणाला हाक मारणार नाही. आमच्या घरात सगळेच हेकेखोर. मी दमले आहे, मरणाचे मला काही वाटत नाही. तो पडेल याची मात्र भीती वाटते. म्हणून जाळे त्याला देते ते एका अटीवर: त्याने भिंतीवर एकट्याने उभे राहू नये. वकीलबाई म्हणाल्या, असली अट कायद्यात टिकत नाही. न टिको, मी लिहिली आहे.

५. सह्यांच्या वेळी जोडलेले. साक्षीला येणारे गृहस्थ तापाने पडले. शेजारच्या ऍग्नेसबाई ‘आणते कुणाला तरी’ म्हणून भिंतीवर गेल्या आणि नॉरिसला घेऊन आल्या. त्याने दारात बूट काढले. कागद वाचला. कलम चारला बराच वेळ लावला.

मी म्हणाले, ‘साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीस तर तुझं अर्धं घर गेलं.’

‘पेन दे.’

‘नॉरिस, कळतंय का तुला?’

‘घर घेऊन काय करू मी? शुक्रवारी सकाळची भरती आहे. येतेस का?’

‘अरे, माझ्यानं दोर ओढवत नाही आता.’

‘दोर मी ओढतो. तू नुसती काठी धर.’

ऍग्नेसबाई उगाच खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी त्याला बूट घालायला सांगितले, फरशी गार होती.

तरी घरातला त्याचा हिस्सा ग्लेनिसला जावा. कलम चार मी रद्द करते. जाळे तूर्त कोणालाही देत नाही. ते शुक्रवारी लागणार आहे.

सही: म्युरियल रिमर

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. ऍग्नेस पिलिंग, शेजारीण
२. नॉरिस हॅलसल, भाऊ

एग्रेमंट, सोमवार, १४ जानेवारी २०१९